पाणचिऱ्याला झाडी नको, वाळू हवी

काठावर झाडी लावली की चंबळ अभयारण्यात पक्षी वाढतील, असं काही जण म्हणतात. पाणचिरा (इंडियन स्किमर) या पक्ष्याच्या बाबतीत हे पटत नाही. त्याला लागते नदीच्या पात्रातली उघडी वाळू, म्हणजे वाळूची बेटं. मार्च ते मेच्या सुमारास तो वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतो. ऊन चढलं की पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतो आणि अंड्यांवर बसतो. हे पाहिल्यावर अशा बेटाजवळ होडी न्यायचंही मन होत नाही!

पाणी फार ओसरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री, कोल्हे थेट घरट्यांपर्यंत पोचतात. उलट धरणातून एकदम पाणी सोडलं तर अंडी वाहून जातात. वाळूउपसा झाला तर बेटच उरत नाही. काळ्या पोटाचा सुरय हा पक्षीही याच वाळूवर घरटं करतो.