मदत हवी आहे: ड्रायसूटमध्ये लघवीला लागली तर तुम्ही बायका काय करता?

नमस्कार मंडळी, मी स्कॉटलंडला असते, डायव्हिंग शिकले तारकर्लीला, तिथे पाणी कोमट त्यामुळे हा प्रश्न कधी आलाच नाही. आता सप्टेंबरमध्ये इथल्या ऑर्कनी बेटांमधल्या स्कापा फ्लो या खाडीत जायचंय, 1919 साली बुडवलेली जर्मन जहाजं बघायला, पाणी 12-13 डिग्री, ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा डायव्हिंगचा सूट) लागतोच. गार पाण्यात रक्त हातापायांकडून छातीकडे सरकतं आणि किडनी जास्त लघवी बनवते, म्हणून चाळीसाव्या मिनिटाला जीव नुसता कासावीस होतो. मागच्या वेळी सकाळपासून पाणीच प्यायले नाही तर डोकं असं ठणकलं की दुसरा डाइव्ह सोडावा लागला, ते परत करायचं नाहीये. मोठ्यांचं डायपरही घालून पाहिलं, पण बोटीच्या शिडीवर वाकले आणि कडेने गळून आतला थर्मल मांडीपर्यंत ओला झाला, वर बोचरा वारा. पुरुषांचं बरंय, कंडोम कॅथेटर (नळी जोडलेला कंडोम) लावून पी-व्हॉल्व्हला, म्हणजे लघवी सूटबाहेर सोडणाऱ्या झडपेला, जोडला की झालं. इथे कुणी ताईने शी-पी (बायकांसाठीचं, अंगाला चिकटवून पी-व्हॉल्व्हला जोडायचं साधन) वापरलंय का? चिकटवायचं कसं, केस काढावे लागतात का, पाळीत चालतं का? व्हॉल्व्हसाठी एवढ्या महागाच्या सूटला भोक पाडावं लागणार, म्हणून आधी विचारतेय. इनबॉक्समध्ये सांगितलं तरी चालेल, प्लीज.