मदत हवी आहे: बोलून शोधताना फोनने नेमकं काय ऐकलं, हे न बघता कसं कळेल?

बाबा ७४ वर्षांचे आहेत. मॅक्युलर डिजनरेशनमुळे नजरेचा मधला भाग पुसट झालाय. कडेचं दिसतं, त्यामुळे घरात वावर नीट आहे, पण वाचन बंद. स्वभाव मात्र शब्दाशब्दाला कोश काढून बघणाऱ्याचा. म्हणून फोनवर बोलून शोधायला शिकवतोय.

परवा त्यांनी फोनला विचारलं, "मला रात्री झोपेत... म्हणजे पहाटेकडेच... पायात गोळे येतात, ते कशानं?" फोनने उत्तर दिलं झोपेच्या गोळ्यांवर. ठणठणीत आवाजात, दुष्परिणामांसकट. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "बघ, गोळ्यांमुळे झोप बिघडते म्हणे." स्क्रीन बघितली तर वर "रात्री झोपेच्या गोळ्या" असं उमटलेलं. मला ते एका नजरेत दिसलं. त्यांना कळायला काही वाटच नव्हती.

(गोळ्यांचं, म्हणजे पायातल्या, डॉक्टरांना दाखवलंय. त्यावर सल्ले नकोत.)

तर विचारायचंय ते असं. फोनने काय ऐकलं हे उत्तराआधी त्यांना ऐकू येईल अशी काही सोय आहे का? आणि बोलताना मध्ये थांबलं की तो लगेच तोडतो, त्याचं काय करायचं? "भरभर बोला" हे सांगून झालंय. बाबा भरभर बोलत नाहीत.

कानसेन
थांबलं की तोडणं हा बिघाड नाही, रचनाच तशी आहे. बोलणं संपलं हे यंत्राला शांततेवरून ठरवावं लागतं. गंमत म्हणजे बेल लॅब्सने १९५२ साली बोललेले आकडे ओळखणारं 'ऑड्री' हे यंत्र केलं, तेव्हा दोन आकड्यांच्या मध्ये मुद्दाम थांबावं लागे. आता थांबलं की पंचाईत.

आयफोन असेल तर ॲक्सेसिबिलिटीत सिरीच्या सेटिंगमध्ये 'सिरी पॉझ टाइम' वाढवा. बाजूचं बटण दाबून धरून बोलले, तर सोडेपर्यंत ऐकत राहते.

गोळे-गोळ्यांचं कारण वेगळं. आवाज अस्पष्ट असला की यंत्र जास्त वेळा लिहिला-बोलला जाणारा शब्दसमूह पसंत करतं. 'झोप' आणि 'गोळ्या' जोडीनं येतात, 'झोप' आणि 'गोळे' क्वचितच. त्यामुळे महत्त्वाचा शब्द आधी घ्यायला सांगा: "पायात गोळे येण्याची कारणं". रात्र-पहाट नंतर.

धागाकर्ता
फोन अँड्रॉइड आहे, लिहायचं राहिलं. शब्द आधी घेण्याचं पटलं. पण बाबा माणसाशी बोलावं तसं बोलतात, आधी पार्श्वभूमी मग मुद्दा. ते बदलणं अवघड आहे.

अर्धविराम
मी स्वतः स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, काम करते, म्हणून लिहिते. असिस्टंटला, म्हणजे बोललेल्या प्रश्नाला बोलून उत्तर देणाऱ्या फोनमधल्या मदतनिसाला, विचारूच नका. असिस्टंट ऐकतो आणि थेट उत्तराकडे धावतो, मधली पायरी गिळतो. बाबांना टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइडमधला स्क्रीन रीडर, सुरू करून द्या. शोधायच्या चौकटीत बोट नेऊन कीबोर्डवरचा माइक दाबायचा, बोलायचं, आणि शोधाचं बटण दाबण्याआधी ती चौकट टॉकबॅककडून वाचून घ्यायची. चुकलं असेल तर तिथेच कळतं. पार्श्वभूमी जास्त झाली तर तीही ऐकू येते, आणि माणूस आपोआप काटछाट करायला लागतो. माझं तसंच झालं.

दुसरा फायदा तुम्ही विचारला नाहीत, पण मला तो मोठा वाटतो. असिस्टंट बहुतेक वेळा एकच उत्तर वाचतो. डोळ्यांनी शोधणारा माणूस दहा शीर्षकांवरून नजर फिरवून आठ टाकून देतो. कानाला ती मुभा नाही. टॉकबॅकच्या रीडिंग कंट्रोलमध्ये (कशावरून कशावर उडी मारायची ते तिथे ठरतं) 'हेडिंग्ज' निवडलं की शीर्षकावरून शीर्षकावर उडी मारता येते. चाळण्याच्या सगळ्यात जवळ जाणारं हेच. वाचण्याचा वेग सुरुवातीला कमी ठेवा. आणि पहिले काही दिवस चिडचिड होईल, कारण टॉकबॅकमध्ये एका टिचकीने काही उघडत नाही, दोनदा द्यावी लागते.

कानसेन
हा मार्ग माझ्यापेक्षा बरा. फक्त कीबोर्डच्या व्हॉइस टायपिंगची भाषा वेगळी निवडावी लागते, ती मराठी आहे ना बघा. फोनची भाषा बदलून ती बदलेलच असं नाही.

धागाकर्ता
भाषा इंग्रजीच होती! बदलली. काल संध्याकाळी तासभर बसलो. दोन टिचक्यांवरून बाबा दोनदा उठून गेले, तिसऱ्यांदा परत आले. चौकट वाचून घेण्याचं मात्र लगेच जमलं. "हा असं ऐकतो होय," म्हणून मुद्दाम जोडाक्षरं टाकून त्याची परीक्षाच घेत बसले.

एक शंका उरली. चौकटीत एकच शब्द चुकला तर तेवढाच बदलता येतो का? सध्या सगळं पुसून पुन्हा बोलतात, आणि दुसऱ्यांदा दुसराच शब्द चुकतो.