‘दुय्यम पात्र’ म्हणावे की ‘पोषक पात्र’?

प्रश्न (बेळगाव)

आमच्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकासाठी एका विद्यार्थिनीने कॉमिक्सवरून निघालेल्या चित्रपटांवर लेख दिला आहे. तो तपासताना एका वाक्यापाशी माझी लेखणी अडली : ‘बेनकाकांसारख्या दुय्यम पात्राच्या मृत्यूवर सगळा स्पायडर-मॅन उभा आहे.’ वाक्यात व्याकरणाची खोट नाही. पण ज्याच्यावर सगळे उभे आहे त्यालाच दुय्यम कसे म्हणावे, हे मला कळेना. ‘गौण’ लिहिले तर ते पात्र आणखीच खाली ढकलले जाते, आणि ‘सहायक’ म्हटले की कचेरीतले टेबल डोळ्यांपुढे येते. अशा पात्रासाठी मराठीत नेमका कोणता शब्द योजावा? (तिने ‘अंकल’चे ‘काका’ केले, हे मात्र अचूक. बेन हा पीटरच्या, म्हणजे स्पायडर-मॅनच्या, वडिलांचा भाऊ, तेव्हा बेनची बायको मे ही काकूच. तिला ‘मावशी’ म्हणणारे पुष्कळ भेटतात.)

प्रतिसाद (निपाणी)

‘दुय्यम’ हा फारसीतून आलेला क्रमवाचक शब्द आहे आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाच्या पाटीवर तो शोभतोही, कारण तिथे खरोखर वरचा आणि खालचा असा दर्जा सांगायचा असतो. ‘गौण’चेही तेच. पण ‘गौण खनिज’ म्हणजे काय, तर वाळू, मुरूम, दगड. ज्यांच्यावाचून एकाही घराचा पाया भरत नाही, ते सरकारदफ्तरी गौण! आपल्या विद्यार्थिनीच्या वाक्यातली अडचण नेमकी हीच आहे.

संस्कृत नाट्यशास्त्राने या पात्रांचा विचार दर्जापेक्षा कथेतल्या वाटचालीवरून केला आहे. मुख्य कथेबरोबर दूरवर चालत जाणारे उपकथानक म्हणजे ‘पताका’, जसे रामकथेतले सुग्रीवाचे. आणि थोडा वेळ येऊन संपणारे ते ‘प्रकरी’, जसा जटायूचा प्रसंग. पताकेच्या नायकाला ‘पीठमर्द’ असे नाव आहे. प्रकरीच्या नायकाला स्वतःचे असे वेगळे फळ नसते, असेही शास्त्रकार सांगतात. या हिशेबाने गॉर्डन हा पोलीस अधिकारी पताकेत बसतो. 2005 च्या ‘बॅटमॅन बिगिन्स’मध्ये आईवडिलांच्या खुनानंतर पोलीस ठाण्यात बसलेल्या लहानग्या ब्रूसच्या, म्हणजे पुढच्या बॅटमॅनच्या, खांद्यांवर तो कोट टाकतो, आणि मालिकेतल्या 2012 च्या शेवटच्या चित्रपटात निरोप घेताना ब्रूस त्याच कोटाची आठवण काढून आपली ओळख देतो. तिसऱ्या भागातला तो क्षण पहिल्या भागातल्या कोटाने पेलला आहे, आणि तो पेलण्यासाठी गॉर्डनला मधली सात वर्षे कथेत टिकून राहावे लागले.

2008 च्या ‘आयर्न मॅन’मधला यिन्सेन मात्र जटायूच्या जातीचा आहे. गुहेत नायक टोनी स्टार्कचा जीव वाचवायचा, त्याला पळून जाता यावे म्हणून स्वतः मरायचे, आणि चित्रपटाचा बराच भाग शिल्लक असताना निघून जायचे. पण इथे शास्त्र थोडे कमी पडते, असे मला वाटते. इथून सुटल्यावर आपण आपल्या कुटुंबाला भेटणार, असे यिन्सेन सांगतो. ते कुटुंब केव्हाच मेलेले आहे, हे टोनीला शेवटच्या घटकेला कळते. म्हणजे या प्रकरीच्या नायकाला स्वतःचे फळ आहे, आणि ते मृत्यूच आहे. त्या एका वाक्याने आधीचे सगळे संवाद मनात पुन्हा ऐकू येतात. असे असले तरी ‘प्रकरी’ हा शब्द आजच्या लेखात वापरला, तर प्रत्येक वेळी खाली टीप द्यावी लागेल, हे मान्य करतो.

प्रतिसाद (खानापूर)

आपण सीमाभागातली माणसे उंबऱ्यावरचा शब्द विसरतो. कन्नडमध्ये आपल्या ‘सहाय्यक अभिनेत्या’ला ‘पोषक नट’ म्हणतात. कन्नड वृत्तपत्रांत पुरस्कारांच्या बातम्यांत तो नेहमी वाचायला मिळतो. शाळेच्या कन्नड अर्जावर मुलाला सांभाळणाऱ्या माणसाच्या सहीसाठीही हाच शब्द येतो, ‘पोषकर सही’. आमच्याकडे बोलताना ‘पालक’ जास्त चालतो, पण छापील अर्जावर ‘पोषक’ ठरलेला. शब्द मूळचा संस्कृत, म्हणजे आपलाही. बेनकाका आणि मेकाकू हे दोन्ही अर्थांनी पोषक आहेत : त्यांनी पीटरला वाढवले आणि कथेलाही.

2002 च्या चित्रपटात गाडीत बसून काका पुतण्याला समजावतात की मोठ्या सामर्थ्याबरोबर मोठी जबाबदारीही येते. पुतण्या वैतागून म्हणतो की वडील असल्याचे सोंग पुरे करा. भांडण आहे ते या ‘पोषकर सही’च्या हक्काचेच. त्याच दिवशी काका रस्त्यावर गोळी लागून मरतात, आणि ते उत्तर परत घेण्याची संधी पीटरला मिळत नाही.

प्रश्नकर्त्याकडून (बेळगाव)

आपण दोघांचेही आभार. ‘पोषक पात्र’ मी कर्मचारीकक्षात म्हणून पाहिले, तेव्हा एका सहकाऱ्याने विचारले, अंगणवाडीतल्या खिचडीचे का? मराठीत ‘पोषक’ला आहार चिकटला आहे आणि ‘पात्र’ म्हणजे भांडेही होते, हा दुहेरी अपघात आहे. तरीही अर्थ इतका चपखल बसतो, की हसू झाल्यावर तो शब्द राहून जाईल, असे मला वाटते.

खानापूरकरांच्या मुद्द्याला एक पुरवणी जोडतो. 1962 च्या मूळ कॉमिकमध्ये जबाबदारीचे ते वाक्य बेनकाकांच्या तोंडी नाहीच. शेवटच्या चौकटीत ते निवेदकाने लिहिले आहे. काकांचा खूनही तिथे दिसत नाही, दारातला पोलीस तो सांगतो. चित्रपटाने निवेदकाचे वाक्य उचलून थोड्याच वेळात मरणाऱ्या माणसाला दिले, आणि 2021 च्या चित्रपटाने ते मरणाच्या दारातल्या मेकाकूला दिले. वाक्य जवळपास तेच राहिले, पण ते कोणाच्या तोंडून आले यावर त्याचे वजन ठरले. निवेदकाचे वाक्य वाचून आपण मान डोलावतो. काकूचे ऐकताना आपल्याला तिचा श्वास तुटताना दिसतो.

म्हणून मी आता असा भेद करतो : ‘भूमिका’ दुय्यम असू शकते, कारण ती नटाची असते आणि पडद्यावरच्या मिनिटांत मोजता येते, ‘पात्र’ कथेचे असते, त्याला दुय्यम म्हणताना दोनदा विचार करावा. ‘पोषक’वरही एक आक्षेप राहतोच. त्या शब्दाने यिन्सेन नायकाच्या कामापुरता उरतो, त्याचे मेलेले कुटुंब त्यात मावत नाही. आणि 2004 च्या चित्रपटात आगगाडी थांबवून बेशुद्ध पडलेल्या पीटरला हातांवर झेलून आत नेणारे, त्याचा उघडा चेहरा पाहून ‘हा तर माझ्या मुलाएवढाच’ असे म्हणणारे प्रवासी? त्यांना ना नाव, ना उपकथानक. शास्त्रातला किंवा अर्जावरचा एकही शब्द त्यांना लागू पडत नाही, आणि माझ्या मते त्या मालिकेतला सर्वांत हलवणारा प्रसंग तोच आहे.

विद्यार्थिनीला मी दोन्ही शब्द सुचवले. तिने थोडा वेळ पेन चावले आणि वाक्यातून ‘सारख्या दुय्यम पात्रा’ एवढे खोडले. उरले ते आता छापील लेखात आहे : ‘बेनकाकांच्या मृत्यूवर सगळा स्पायडर-मॅन उभा आहे.’