चक्कर येऊन पडण्याचे अनुभव

रानजाई:
आज ठाणे स्टेशनच्या पुलावर एक मुलगी घेरी येऊन पडली. चार जणींनी बखोटं धरून तिला उभीच ठेवलेली, मान लटकतेय, ओठ पांढरेफटक, आणि एक काकू तोंडात पाणी ओततायत. मी ओरडलेच, अहो आधी आडवं करा तिला, पर्स उशाला नको, पायाखाली द्या! मिनिटभरात डोळे उघडले तिने. एकदम शाळा आठवली. १५ ऑगस्ट, रिकाम्या पोटी उन्हात उभं, कानात कुईं आवाज, दरदरून घाम, डोळ्यासमोर अंधारी आणि धप्प. बाईंनी उचलून खुर्चीत बसवलं तर तिथे परत शुद्ध हरपली. पुढे डॉक्टरांकडून कळलं, एका जागी उभं राहून रक्त पायात साठतं, वेगस नर्व्ह, म्हणजे मेंदूतून हृदयाकडे जाणारी नस, ठोके मंद करते, बीपी घसरतं आणि मेंदूला रक्त कमी पडतं. आडवं झालं की पोचतं, बसवून ठेवलं की नाही. तुमचे, घरच्यांचे अनुभव लिहा.

सोनचाफा:
माझा भाऊ!! सुई दिसली की झालं. आता लॅबमध्ये शिरतानाच सांगतो, झोपवून रक्त घ्या. रक्तदानाला जाताना अर्धा लिटर पाणी पिऊन जातो, तिथे पायाची आढी घालून मांड्या आवळून धरतो. खरंच फरक पडतो. कुकर झाला, येते नंतर

माळरान:
सासऱ्यांना बीपीची गोळी होतीच, त्यात प्रोस्टेटची सुरू झाली. पहाटे लघवीला उठले आणि बाथरूममध्ये धाडकन, भुवईला टाके. डॉक्टरांनी आधी झोपवून बीपी घेतलं मग उभं करून, १४० चं १०८. तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने उतरला तरी दखल घेतात म्हणे. गोळ्या बदलून दिल्या. आता आधी पलंगाच्या कडेला बसतात, पाय हलवतात, मग उठतात. बसून लघवी करा म्हटलं तर रुसले होते

रानजाई:
रुसू देत, टाके नकोत. आतून कडी लावू देऊ नका मात्र.

गोदाकाठ:
आमच्या आईचं वेगळं होतं. सोफ्यावर बसल्याबसल्या पडायची, आधी घाम नाही, चाहूल नाही. अशक्तपणा आहे, उपास कमी करा, की सलाईन लावून घरी. एकदा हात उडाले तर फिटच्या गोळ्या सुरू झाल्या, त्यावरही पडली. शेवटी नाशिकला दुसऱ्या डॉक्टरांनी ठोके नोंदवणारं होल्टर लावलं, छातीला पट्ट्या कमरेला डबी २४ तास, तर हृदय मधेच सहा सेकंद थांबत होतं. पेसमेकर बसवला, त्यानंतर एकदाही पडली नाही. लोक तिला नाटकं करते म्हणायचे त्याचा अजून संताप येतो.

पिंपळपान:
बापरे. काकूंना नमस्कार सांगा. कांदा, चप्पल सगळं हुंगवून झालं असेल ना? आमच्याकडे तेच

गोदाकाठ:
सगळं. दातखिळी बसली म्हणून शेजारी चमचा घालायला निघालेले, मीच अडवलं.

उंबरठा:
कॅज्युअल्टीत नर्स आहे, ड्युटीच्या मधे लिहितेय. साध्या घेरीत माणूस मिनिट-दोन मिनिटांत नीट बोलायला लागतो. मेंदूचं रक्त कमी झालं की हात थोडे उडतात, प्रत्येक वेळी ती फिट नसते. पण पळताना पडला, झोपलेला असताना शुद्ध गेली, आधी छातीत धडधडलं किंवा घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलंय, तर त्याच दिवशी दवाखाना. आणि पहिल्यांदा पडलात तरी ईसीजी काढाच, पाच मिनिटांचं काम आहे. शुगरही बघा. डोक्याला मार नसेल तर डोक्याच्या सीटी स्कॅनसाठी हट्ट नको, साध्या घेरीत त्यात सहसा काही निघत नाही. श्वास नसेल तर १०८ ला फोन आणि लगेच छाती दाबायला घ्या. पेशंट आला, जाते

पिंपळपान:
ताई थांबा! भाचीला टिल्ट टेस्ट सांगितलीय, रडतेय ती

उंबरठा:
दुखत नाही ओ. टेबलला पट्टे बांधून ६०-७० अंशात उभं करतात, बीपी आणि ठोके बघत राहतात, चक्कर आली की लगेच आडवं. उपाशी बोलावतात तेवढं. कुणीतरी सोबत जा.

सोनचाफा:
आले. गोदाकाठ, आत्याला पण पेसमेकर बसवलाय गं, मोबाइल आणि इंडक्शन चालतं का?

गोदाकाठ:
मोबाइल वरच्या खिशात नको, पेसमेकरच्या उलट्या बाजूच्या कानाला. इंडक्शनपासून दोन फूट लांब म्हणालेत, म्हणून आईने गॅसच ठेवला. आणि कार्ड मिळालं असेल ते कायम पर्समध्ये ठेवायला सांग, एअरपोर्टला दाखवावं लागतं