पहिला आंतरराष्ट्रीय गोल ‘भारतीया’चा? विल्यम केनियन-स्लेनीबद्दल विचारायचं आहे

मैदानवेडा, नाशिक

नमस्कार मंडळी. मुलीच्या शाळेत खेळांवरची प्रश्नमंजूषा आहे आणि तयारीसाठी आम्हा पालकांचा एक ग्रुप झालाय. त्यावर परवा कोणीतरी टाकलं की फुटबॉलमधला जगातला पहिला आंतरराष्ट्रीय गोल एका भारतीयाने केला, जन्मगाव राजकोट. लगेच खाली तिरंग्यांची रांग लागली. नाव दिलंय विल्यम केनियन-स्लेनी. नावावरून तर पक्का इंग्रज वाटतो. शोधलं तेव्हा इंग्लंडकडून तो एकच सामना खेळला आणि त्यात दोन गोल केले, एवढं हाती लागलं.

गोल खरंच पहिला होता का? हा माणूस राजकोटला जन्मला कसा? दोन गोल करूनही पुन्हा संघात का नाही? आणि पुढे आयुष्यात काय केलं त्याने? मुलगी लहान आहे, आत्ता जे सांगेन ते कायमचं डोक्यात बसेल, म्हणून नीट कळायला हवंय.

जुना चेंडू, कोल्हापूर

फार चांगला प्रश्न विचारलात. हा काळ माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबेल, सांभाळून घ्या.

आधी तारीख पक्की करा: ८ मार्च १८७३, शनिवार. लंडनचं केनिंग्टन ओव्हल, इंग्लंड विरुद्ध स्कॉटलंड. या दोन देशांतला हा दुसरा अधिकृत सामना. पहिला ३० नोव्हेंबर १८७२ ला ग्लासगोजवळ पार्टिकला एका क्रिकेटच्या मैदानावर झाला आणि ०-० सुटला. म्हणजे ओव्हलवर जो आधी गोल करेल तो जगात पहिला. सामना सुरू होऊन एक-दोन मिनिटं होतात न होतात तोच केनियन-स्लेनीने तो केला. वय पंचवीस. मग अलेक्झांडर बॉन्सरने दुसरा चढवला, स्कॉटलंडने दोन्ही फेडले, आणि शेवटी शेवटी केनियन-स्लेनीचा आणखी एक आणि चार्ल्स चेनरीचा एक. इंग्लंड ४, स्कॉटलंड २.

मुलीला नुसती तारीख देऊ नका, तो गोल डोळ्यांपुढे आणून द्या. दोन खांब, त्यांच्यामध्ये आठ फुटांवर आडव्या दांड्याऐवजी ताणलेली फीत. मागे जाळी नाही. जाळी आली १८९१ मध्ये, पेनल्टी किकही त्याच वर्षीची. प्रत्येक गोलनंतर दोन्ही संघ बाजू बदलायचे, असा तेव्हा नियम होता. इंग्रजांचा खेळ म्हणजे ड्रिब्लिंग. ज्याच्या पायात चेंडू तो मान खाली घालून सरळ घुसणार, बाकीचे आघाडीवाले त्याच्या पाठोपाठ, आणि त्याच्या पायातून चेंडू सुटला की मागचा तो पुढे नेणार. खांद्याने धडक देऊन समोरच्याला आडवं करणं नियमात बसत होतं, अगदी गोलरक्षकालासुद्धा. एकमेकांना पास देत पुढे सरकायची कला ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबचे खेळाडू तेव्हा कुठे रुजवत होते. हा गोल त्या जुन्या, धसमुसळ्या खेळातला आहे, आणि मला तो त्यासाठीच मोलाचा वाटतो.

आता राजकोट. जन्म २४ ऑगस्ट १८४७, राजकोट, ही गोष्ट खरी. काठियावाडातली दोनशेहून जास्त लहानमोठी संस्थानं सांभाळणारी इंग्रजांची एजन्सी राजकोटला होती आणि तिचा कारभार मुंबई सरकारच्या हाताखाली चाले. वडील विल्यम केनियन हे मुंबई इलाख्याच्या फौजेत, दुसऱ्या लाइट कॅव्हलरीत कॅप्टन. म्हणून पोरगा जन्मला राजकोटला, पण वाढला इंग्लंडमध्ये: शाळा ईटन, मग ऑक्सफर्डचं क्राइस्ट चर्च, आणि १८६७ मध्ये ग्रेनेडियर गार्ड्स या ब्रिटिश फौजेतल्या मानाच्या पलटणीत अधिकारी. आडनावातला ‘स्लेनी’ आईकडचा. आजोबा रॉबर्ट स्लेनी पार्लमेंटचे सभासद होते. १८६२ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या उद्घाटनाला गेलेले असताना तिथल्या जमिनीतल्या फटीत पडून त्यांना इजा झाली आणि त्यातच ते गेले. त्यानंतर कुटुंबाने त्यांचं आडनाव जोडून घेतलं.

तेव्हा ‘भारतीय’ हा शब्द काढून टाका, ही माझी कळकळीची विनंती. तो राज्य करायला आलेल्या फौजेतल्या अधिकाऱ्याचा मुलगा. राजकोटच्या मातीत तो फुटबॉल शिकला नाही. आपल्याकडे अनवाणी खेळून गोऱ्या पलटणींना हरवणारे खरे खेळाडू होऊन गेले, तो मान त्यांचा आहे.

पण याच सामन्यात आणखी एक गोष्ट दडली आहे. स्कॉटलंडचा पहिला आंतरराष्ट्रीय गोलही याच दिवशीचा, आणि तो केला हेन्री रेनी-टेल्योरने. हा रॉयल इंजिनियर्सचा, म्हणजे ब्रिटिश फौजेतल्या अभियंत्यांच्या दलाचा लेफ्टनंट, जन्म १८४९, मसुरी! म्हणजे दोन्ही देशांचे पहिले गोल हिंदुस्थानात जन्मलेल्या फौजी घरांतल्या मुलांचे. त्याच दिवशी इंग्लंडकडून बचावाला उभा असलेला आल्फ्रेड गुडविन हाही रॉयल इंजिनियर्सचाच. पुढच्याच वर्षी, मार्च १८७४ मध्ये, घोड्यावरून पडून तो रुरकीला वारला. तेव्हा फुटबॉल खेळणारे लोक कोण होते, हे यावरून कळतं.

स्कोअरबुक, डोंबिवली

एक शंका. १८७२ च्या आधीही ओव्हलवर इंग्लंड-स्कॉटलंड सामने झाले होते ना? १८७० चे? मग त्यातला गोल पहिला का धरत नाहीत? मला तर तो मानच रॉबर्ट क्रॉफर्डचा वाटतो.

जुना चेंडू, कोल्हापूर

बरोबर मुद्दा काढलात. मार्च १८७० ते फेब्रुवारी १८७२ या काळात ओव्हलवर असे पाच सामने झाले. चार्ल्स अल्कॉक हा फुटबॉल असोसिएशनचा, म्हणजे इंग्लंडमधला फुटबॉल चालवणाऱ्या एफ. ए. या संस्थेचा सचिव, त्याने ते घडवून आणले. पहिल्यात, ५ मार्च १८७० ला, स्कॉटलंडकडून क्रॉफर्डने आधी गोल केला आणि इंग्लंडच्या आल्फ्रेड बेकरने अगदी शेवटी बरोबरी साधली. पण ‘स्कॉटलंड’ म्हणून उतरलेले बहुतेक जण लंडनमध्ये राहणारे होते, आणि काहींचं स्कॉटलंडशी नातं फार पातळ होतं. खुद्द स्कॉटलंडमधले लोक तेव्हाच कुरकुरत होते की हा आमचा संघ नव्हे. म्हणून अल्कॉकने वर्तमानपत्रांतून तिकडच्या क्लबांना जाहीर आव्हान दिलं, आणि त्यातूनच पार्टिकचा सामना उभा राहिला. हे पाच सामने अधिकृत यादीत नाहीत, आणि मला ते योग्यच वाटतं.

अर्थात मार्च १८७३ च्या स्कॉटिश संघातही लंडनकडचे तिघं होतेच: रेनी-टेल्योर, त्याचाच सहकारी जॉन ब्लॅकबर्न आणि आर्थर किनेर्ड. पण बाकीचे आठ ग्लासगोहून आले होते.

केनिंग्टनकर, लंडन

मूळची ठाण्याची, आता ओव्हलपासून चालत पाच मिनिटांवर राहते. क्रिकेटला येणाऱ्या आपल्या लोकांना मी नेहमी सांगते की या मैदानाने फुटबॉलही वाढवला. एफ. ए. कप या तिथल्या क्लबांच्या स्पर्धेचा पहिला फायनल १८७२ मध्ये इथेच झाला, आणि १८७४ पासून १८९२ पर्यंतचे सगळे फायनल इथेच. अल्कॉक हा हे मैदान ज्याचं त्या सरे क्रिकेट क्लबचाही सचिव होता, त्यामुळे हिवाळ्यात मैदान फुटबॉलला मिळायचं. १८४५ च्या आधी इथे भाजीपाल्याची बाग होती आणि पहिली हिरवळ टूटिंगच्या माळावरून आणून अंथरली होती. टीव्हीवर दिसणारा तो गॅसच्या मोठ्या टाकीचा सांगाडा मात्र सध्याच्या रूपात १८७३ नंतरचा आहे.

राजकोटबद्दल एक भर. क्रिकेटवाल्यांना राजकोट म्हटलं की रणजी आठवतात, कारण ते तिथल्या राजकुमार कॉलेजात शिकले. पण ते कॉलेज १८७० मध्ये सुरू झालं. केनियन-स्लेनी तोवर गार्ड्समध्ये अधिकारी होता.

मैदानवेडा, नाशिक

मंडळी, मन:पूर्वक आभार! मुलीला फितीचा गोलपोस्ट फार आवडला, तिने चित्रही काढलं. दोन गोष्टी राहिल्या. एकाच सामन्यानंतर तो गेला कुठे? आणि हे लोक हौशी होते, खेळायचे पैसे मिळत नसत, असं वाचलं; मग चालायचं कसं?

जुना चेंडू, कोल्हापूर

एकाच सामन्याचं फार मनावर घेऊ नका. तेव्हा इंग्लंडला खेळायला दुसरा देशच नव्हता, वेल्सशी पहिला सामना १८७९ चा. वर्षाकाठी साधारण एक सामना, आणि संघही दरवेळी बदलायचा. नऊ एफ. ए. कप फायनल खेळलेला किनेर्ड, त्या जमान्यातला सगळ्यात नावाजलेला खेळाडू, पण स्कॉटलंडकडून त्याच्याही नावावर हाच एक सामना आहे. इंग्लंडचे पहिले तिन्ही सामने खेळलेला एकटा चेनरी.

आणि केनियन-स्लेनीचं फुटबॉल तिथे थांबलं नाही. त्या गोलनंतर तीनच आठवड्यांनी, २९ मार्चला, तो वाँडरर्स क्लबकडून एफ. ए. कपचा फायनल खेळला. लंडनच्याच लिली ब्रिज मैदानावर, ऑक्सफर्ड विद्यापीठाविरुद्ध. सामना सकाळी ठेवला होता, कारण दुपारी टेम्सवर ऑक्सफर्ड-केंब्रिजची होड्यांची शर्यत होती आणि ती सगळ्यांना बघायची होती. वाँडरर्स २-० जिंकले, गोल किनेर्ड आणि वोलास्टनचे. मग ओल्ड इटोनियन्सकडून, म्हणजे ईटनच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघाकडून, १८७५ आणि १८७६ चे फायनल, दोन्ही हरले. १८७५ ला समोर रॉयल इंजिनियर्सचा संघ होता आणि त्यात तो मसुरीचा रेनी-टेल्योर. तो फायनल दोनदा खेळावा लागला; पहिला सामना १-१ झाला आणि त्यात इंजिनियर्सचा गोल त्यानेच केला. शिवाय केनियन-स्लेनी एमसीसी या लंडनच्या क्लबकडून क्रिकेटही खेळायचा.

आता पैशांचं. हौशी म्हणजे खेळाचा एक पैसाही न घेणारा, आणि ते परवडायला घरचं भक्कम लागायचं. केनियन-स्लेनी फौजेत गेला तेव्हा अधिकारपद पैसे भरून विकत घ्यावं लागे, ती पद्धत १८७१ मध्ये बंद झाली. गार्ड्स म्हणजे त्यात सर्वांत महाग. मागे श्रॉपशरमध्ये हॅटन ग्रेंज नावाची घरची वाडी आणि जमीनजुमला. अशा माणसाला शनिवारची दुपार मोकळी मिळे. गिरणीत राबणाऱ्या विणकऱ्याला खेळासाठी रजा घेतली की मजुरी बुडायची. म्हणून गिरण्यांच्या लँकेशायर भागातल्या क्लबांनी खेळाडूंना पैसे द्यायला सुरुवात केली, आधी गुपचूप. १८८३ च्या फायनलमध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिकने, ज्यात विणकरी होते, ओल्ड इटोनियन्सना २-१ हरवलं. १८८५ मध्ये असोसिएशनने व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली. ते व्हायलाच हवं होतं, असं माझं ठाम मत आहे. हौशी लोकांनी खेळाला नियम दिले, कप दिला, देशादेशांतले सामने दिले, त्यांचं ऋण मी मानतो. पण खेळ सगळ्यांचा झाला तो मजुरी बुडण्याची भीती गेल्यावर.

केनियन-स्लेनी तोवर मैदानापासून लांब गेला होता. १८८२ मध्ये इजिप्तच्या मोहिमेत तेल-अल-कबीरच्या लढाईत तो होता. १८८६ मध्ये श्रॉपशरच्या न्यूपोर्टमधून हुजूर पक्षातर्फे पार्लमेंटमध्ये निवडून आला आणि मरेपर्यंत, म्हणजे बावीस वर्षं, तिथलाच सभासद राहिला. १९०२ च्या शिक्षण कायद्यात त्याच्या नावाने ओळखलं जाणारं एक कलम आहे: चर्चच्या शाळांत धर्मशिक्षण कसं द्यायचं हे एकट्या पाद्र्याने ठरवायचं नाही, शाळेच्या व्यवस्थापकांनी मिळून ठरवायचं. हा स्वतः चर्चच्या बाजूचा, तरी पाद्री मंडळी त्याच्यावर चांगलीच चिडली. मला या माणसाबद्दल आदर वाटतो तो गोलापेक्षा या कलमासाठी, कारण आपल्याच लोकांची नाराजी ओढवून घ्यायला धाडस लागतं. १९०४ मध्ये तो प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाचा, सभासद झाला आणि २४ एप्रिल १९०८ ला हॅटन ग्रेंजला वारला.

प्रश्नमंजूषेचा प्रश्न असा घाला: ‘पहिल्या अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल गोलचा मानकरी, इंग्लंडचा कोणता हौशी खेळाडू मुंबई इलाख्यातल्या राजकोटला जन्मला होता?’ आणि जोडप्रश्न म्हणून मसुरीचा रेनी-टेल्योर ठेवा, तो कोणालाच येणार नाही.