मदत हवी आहे : आईसाठी कोणतं चीज?

घाईत_आहे
आई ६८. दूध पचत नाही, पोट फुगतं. बीपी आहे. प्रोटीन-कॅल्शियम वाढवा म्हणालेत. चीज आवडीने खाते. कुठलं आणू? आजच सामान मागवायचंय. 'डॉक्टरांना विचारा' नको, त्यांनीच सांगितलंय.

मीठमोहरी
स्लाइस आणि क्यूब बाद. प्रोसेस्ड चीजमध्ये १०० ग्रॅमला हजाराच्या वर मिलिग्रॅम सोडियम असतं, दिवसाची मर्यादा २०००. वर मिल्क सॉलिड्स असतील तर लॅक्टोज (दुधातली साखर, तीच पचत नसावी) परत आलंच. मुरलेलं चेडर किंवा एमेंटल घ्या. लॅक्टोज बरंचसं चीज करताना सुटणाऱ्या पाण्याबरोबर निघून जातं, उरलेलं मुरताना जिवाणू संपवतात. पाकिटावर कार्बोहायड्रेट शून्याच्या आसपास हवं. एमेंटलमध्ये सोडियम चेडरच्या साधारण एक तृतीयांश.

पंचामृत
एवढा खर्च कशाला? घरी पनीर करा, मीठ घालायचंच नाही. एक लिटर दूध उकळलं की गॅस बंद, दोन मिनिटं थांबा. दोन मोठे चमचे लिंबूरस तेवढ्याच पाण्यात मिसळून थोडा थोडा घाला. पाणी हिरवट, नितळ दिसलं की थांबा. आंबट जास्त झालं की पनीर कडक होतं.

मीठमोहरी
आंबटाने फाडलं की थोडं कॅल्शियम पाण्यात जातं. रेनेटने (दूध गोठवणारं विकर) केलेल्या चीजमध्ये जास्त टिकतं.

पंचामृत
रेनेट वासराच्या जठरातलं ना? शाकाहारी घर असेल तर?

मीठमोहरी
हिरवा ठिपका बघून घ्या. पार्मिजानो रेज्जानो मात्र वासराच्या रेनेटचंच, त्यांचा नियमच तसा.

छोटी_आई
गरोदरपणात ब्रीसारखं मऊ चीज टाळा. त्यात असू शकणारा लिस्टेरिया हा जिवाणू फ्रिजमध्येही वाढतो.

घाईत_आहे
अहो, आई ६८ ची आहे!!

लॅबवाला
किडनीचा रिपोर्ट? बीपीची गोळी कुठली?

घाईत_आहे
टेल्मिसार्टन. क्रिएटिनिन १.९ आलंय. चीजशी काय संबंध?

लॅबवाला
हे पहिल्या ओळीत हवं होतं. क्रिएटिनिन एवढं म्हणजे किडनी नीट काम करत नसावी. प्रोसेस्ड चीजच्या घटकांत ३३९, ४५२ हे आकडे दिसले तर ती वरून घातलेली फॉस्फेटं. दुधातल्या फॉस्फरसपेक्षा ती जास्त शोषली जातात आणि थकलेल्या किडनीला नीट बाहेर टाकता येत नाहीत. चेडर-एमेंटलमध्येही फॉस्फरस भरपूर. 'लो सोडियम' लिहिलेलं तर मुळीच घेऊ नका. त्यात मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असू शकतं, आणि टेल्मिसार्टननेही रक्तातलं पोटॅशियम चढू शकतं. प्रोटीन वाढवा म्हणणाऱ्यांनी हा रिपोर्ट पाहिलाय?

घाईत_आहे
नाही. ते हाडांचे डॉक्टर, रिपोर्ट नंतरचा.

लॅबवाला
मग चीज आज नको. रिपोर्ट किडनीच्या डॉक्टरांना दाखवा, पोटॅशियम-फॉस्फरस तपासायचं का विचारा. प्रोटीन किती, तेही तेच ठरवतील.

पंचामृत
म्हणजे पनीरच!

लॅबवाला
पनीरमध्येही प्रोटीन आणि फॉस्फरस आहेच. मीठ नाही एवढंच.

खादाड_खाऊ
घरच्या पनीरला पिझ्झ्यावर तार येते का?

मीठमोहरी
नाही. ते वितळत नाही, नुसतं तांबूस होतं. तार हवी तर मोझरेला.