माहितीपट बघून लोक रडतात, मग पुढं काय?

कृष्णाकाठ (कराड): आमच्या गावात देवळापुढं पडदा बांधून ऊसतोड बायकांवरचा माहितीपट दाखवला. बीडच्या बायका गर्भपिशवी काढल्याचं सांगायला लागल्या तशा आमच्या आयाबायांनी डोळ्याला पदर लावला. संपल्यावर एक पुढारी "फार गंभीर विषय आहे" म्हणाले, चहा झाला, सगळे घरी. तोडकऱ्यांच्या खोपी तिथनं हाकेवर, पण तिथली चर्चा कुणी काढली नाही. मग असले पट दाखवून उपयोग काय? की निवड चुकते?

माणदेशी: बीडच्या बाईसाठी हळहळायला बागायतदाराचं काय जातंय? मधेच पट थांबवा आणि 'खाडा' म्हणजे काय ते विचारा. बाई आजारी पडून फडात गेली नाही की मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी आणणारा ठेकेदार, दंड कापतो तो. नवरा-बायको मिळून 'एक कोयता', त्यामुळं एक पडला की दोघांची मजुरी अडकते. हे आपल्याच उसाच्या तोडीत चालतं म्हटल्यावर बघा कसे चुळबुळायला लागतात. आमच्याकडं तिथंच भांडण जुंपलं, आणि मला तेच हवं होतं.

सांगलीकर_वाचक: आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट बघा. मुंबईतल्या रमाबाई नगर या दलित वस्तीत 1997 साली पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले, नंतर शाहीर विलास घोगरेंनी आत्महत्या केली. तिथनं सुरू होऊन चित्रीकरण 14 वर्षं चाललं. पट लांबलचक, तरी लोक जागचे हलत नाहीत, कारण त्यात गाणी आहेत आणि गाणारे रडगाणं गात नाहीत, जाब विचारतात. शिवाय तो मुंबईत वस्त्यांमधेच पडदा लावून दाखवला गेला. ज्यांची गोष्ट तेच समोर बसलेले.

ताई_वाळवा: रडणाऱ्या बायांना हिणवू नका, त्यातल्याच दोघी दुसऱ्या दिवशी खोपीवर गेल्या तर? दाखवायचा तर खोपीवरच दाखवा, पण सगळा नको, पंधरा मिनिटं पुरे. पहाटेच फडात जायचं असतं, त्यात ट्रॉली भरायला रात्री कधी बोलावतील नेम नाही.

कृष्णाकाठ: ताई, खोपीवर मुकादम बसलेला असणार. त्याच्यासमोर बायका तोंड उघडतील?

ताई_वाळवा: नाही उघडणार. उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, त्याच्याकडनं घेतलेली असते ना. माणदेशींना सोबत न्या, ते त्याला बाहेर चहाला बसवतील, भांडायला तर त्यांना आवडतंच. तोवर आपण बायकांपाशी बसू.